भेसळीचं पिल्लू

आमच्या शेडनेटच्या दाराला पुठ्ठ्याची पाटी बांधलेली आहे : आत मोबाईल आणू नये. पाटी मी लिहिली आणि तिच्यावरून बायकांना सगळ्यात जास्त बोलणारीही मीच. पण दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात तो नियम सगळ्यांच्या आधी मीच मोडला. मोबाईल कमरेला खोचून मी खुशाल आत शिरले, कारण त्या मोबाईलमध्ये एक अंडं होतं.

हसू नका. खरंच अंडं होतं आणि ते मलाच उबवायचं होतं.

आधी शेडनेटचं सांगते. साखरखेर्ड्यातून पायी निघालं की पाऊण तासावर आमचं शेत आहे. तिथे हिरव्या जाळीचं घर आहे आणि आत मिरची, पण खायची नाही, बियाण्याची. कंपनी दोन पाकिटं देते, एकात मादीचं बी, एकात नराचं. मादीच्या झाडावर उद्या उमलणारी कळी आज दुपारी चिमट्यानं उघडायची, तिच्यातले नर काढून टाकायचे आणि खूण म्हणून देठाला लाल लोकर बांधायची. दुसऱ्या दिवशी सकाळी नराच्या झाडाचा पराग तिला लावायचा. आम्ही याला क्रॉसिंग म्हणतो. सरळ सांगायचं तर कळ्यांची लग्नं लावतो, रोज शेकड्यानं, आणि ना बँड ना जेवणावळ.

माझी मुलगी मोबाईलमधला तो प्राणी जमवायचा खेळ घेऊन माझ्याजवळ आली आणि मला समजावून सांगायला लागली, तेव्हा तिला वाटलं होतं की मम्मीच्या डोक्यावरून जाणार. अकरा वर्षांची होती. आपली आई अडाणी आहे असं वाटायचं वयच असतं ते.

"हे पाह्य. एक नर आन् एक मादी पाळणाघरात ठेवायची. मंग अंडं येते."

"आन् फुटते कवा?"

"चाललं की."

"कोन चाललं की?"

"आपण! मोबाईल अंगावर ठेवून चालायचं. गाडीवर बसून नाही फुटत, त्याले कळते."

"बरं. पिल्लू जातं कोनावर?"

"जात मायची. पण बापाचे गुन बी येतात."

"आन् बाप दुरून आनला त? दुसऱ्या गावचा?"

पोरीनं माझ्याकडे असं पाहिलं की जसं काही मी इंग्रजीत बोलले. दुरून, दुसऱ्या कुणाकडून बदलून आणलेला नर असला की वेगळ्या रंगाचं पिल्लू निघायची आशा वाढते, हे तिला मैत्रिणीच्या भावानं आठ दिवस समजावलं होतं. "तुले कसं माहीत?" तिनं विचारलं.

"अवं, आयुष्य चाललं माह्यं याच्यातच. तुह्या पाळणाघराले आमच्याकडं शेडनेट म्हनतात."

त्या दिवसापासून तिच्या लेखी माझा भाव वाढला. तिला हवं होतं एक पिवळं पिल्लू. तो प्राणी एरवी निळाच निघायचा, बेडकाच्या तोंडाचा, दोन पायांचा, शेपटीला पान. शेकडो अंड्यांतून एखादं पिवळं. पोरगी शाळेत जाताना चालायची, शाळेतून येताना चालायची, अंगणात गोल गोल चालायची. तिच्या पायाला भिंगरी आहे असं आमची जाऊबाई म्हणायची.

जाऊबाई म्हणजे माझी थोरली जाऊ. चूल एक, अंगण एक. माझ्या पोरीला मी जन्म दिला, पण न्हाऊमाखू घालणं, वेण्या घालणं, रुसवे काढणं सगळं तिनं केलं. पोरगी तिला मोठीआई म्हणते. शेडनेटमध्ये ती मुकादम आहे, आणि तिची नजर! मादीच्या ओळीत एखादं झाड जरा वेगळं दिसलं, पान रुंद, देठ लांब, की ते भेसळीचं. ते मुळासकट उपटायचं. एक राहिलं तरी त्याचा पराग उडतो आणि तपासणीत सगळा माल नापास होतो. आम्ही दहा जणी ज्या झाडाजवळून दहादा गेलो ते झाड ही लांबून ओळखते. आणि कुणाला विचारत नाही. आधी उपटते, मग बोलते.

तर त्या वर्षी पोरगी निवासी शाळेच्या परीक्षेत पास झाली. आमच्या घरातून अशी परीक्षा पास झालेली पहिलीच. माझी दहावी झाली आणि लगेच हळद लागली होती, पुढे शिकायचं मनातच राहिलं, त्यामुळे मी तर हवेतच होते. मी सगळ्या गल्लीत पेढे वाटले. जाऊबाईनं पेढा घेतला, पण खाल्ला नाही.

"लेकरू हाय का मेंढरू हाय?" ती म्हणाली. "कोंडून टाकून राह्यली तू त्याले."

"शिकाले चालली ती, तुरुंगात नाही."

"घरी शाळा नाही का?"

आठ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. जुलैत पोरीला शाळेत सोडून आले. तिथे मुलांना मोबाईल ठेवता येत नाही, म्हणून तो घरी राहिला, आणि त्यात पाळणाघरातून नुकतंच काढलेलं एक अंडं.

दर रविवारी शाळेच्या फोनवरून पाच मिनिटं बोलायला मिळायचं. पहिल्या रविवारी पोरगी नुसती रडली. दुसऱ्या रविवारी रडत रडत म्हणाली, "मम्मी, मले घ्यायले ये. मी इथं नाही राहत."

मी आठवडाभर भाषण पाठ केलं होतं. शिक्षण कसं, भविष्य कसं. त्यातलं एक वाक्य आठवेल तर शप्पथ. तिकडून मॅडमचा आवाज आला, वेळ संपत आली. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "पिवळं निघालं की येते घ्यायले."

रडणं थांबलं. "खरंच?"

"खरंच."

"पण तू चालशील ना? नाही त कपाटात ठेवून देशील मोबाईल."

"चालीन वं. तुही शप्पथ."

फोन ठेवला आणि मनात म्हटलं, वा गं बाई, कशी सुटलीस! शेकडो अंड्यांत एक. दिवाळीपर्यंत काही निघत नाही, तोवर पोरगी रुळेल. आणि खोटं कशाला सांगू, पहिले चार दिवस मी मोबाईल खरंच फडताळात ठेवला. मग एका सकाळी भाकरी थापताना एकदम डोळ्यासमोर पोरीचं तोंड आलं. ती तिथे दिवस मोजत असेल आणि मी अंडं फडताळात ठेवलंय. माझीच मला लाज वाटली. पिठाच्या हातानंच मोबाईल काढला, कमरेला खोचला आणि शेताची वाट धरली.

अंडं फुटायला आलं की थरथरतं, आधी जरा, मग जोरात, आणि मग एक सनईसारखी धून वाजते. पहिलं अंडं माझ्या कमरेला शेडनेटमध्येच फुटलं. सगळ्या जणी चिमटे टाकून धावल्या. पाटी लिहिणारीच्या कमरेतून सनई! मला वाटलं, आता या माझी चांगलीच जिरवतात. पण त्यांना पिल्लू पाहायचं होतं.

"अय्या, बेडूक हाय!"

"बेडकाले शेपटी असते का वं?"

"दुसरं कवा?"

झालं. त्या दिवसापासून आमच्या शेडनेटला नवीन कुळाचार लागला. सकाळी पराग लावून झाला की अंडं कुणाच्या कमरेला याची वाटणी. एकीनं तर कमालच केली. आपण कळीपाशी उभं राहून काम करतो, चालणं होत नाही, म्हणून तिनं मोबाईल फडक्यात बांधून शेळीच्या गळ्यात अडकवला. शेळी चालली छान, पण थेट शेजाऱ्याच्या तुरीत. आम्ही चिखलातून मागे, शेळी पुढे, आणि शेळीच्या गळ्यात सनई वाजायला लागली! पिल्लू निघालं होतं. शेजारी बांधावर उभा राहून पाहतच राहिला. इतकं हसलो की एकीच्या पोटात कळ आली आणि ती तिथंच चिखलात बसली.

मी बियाण्याच्या धंद्यातली असल्यामुळे जोड्याही मीच लावायला लागले. पोरीनं वहीत सगळं लिहून ठेवलं होतं, तरी मी माझं डोकं चालवलंच. एकदा जाऊबाई मागून डोकावली. "हे दोघं कोन?" मी म्हटलं, एकाच मायचे पिल्लं. तिनं कपाळाला हात लावला. "बहीण-भावाचं लग्न लावून राह्यली? काढ आधी! शरम वाटू दे जरा." खेळात चालतं म्हटलं तरी ऐकेना. मी जोडी मोडली तेव्हाच ती जागची हलली.

तसं म्हटलं तर सगळ्यात जास्त चालणं जाऊबाईचंच. दिवसभर ओळीओळीतून फिरणं हेच तिचं काम. आधी ती मोबाईलला हात लावेना. मग एक दिवस आपणहून म्हणाली, "आन इकडं. पोरीचं हाय ना ते." आणि तिनं तो असा पदराच्या गाठीत बांधला की बस. मधेच गाठीवरून हात फिरवायची. पोरीच्या डोक्यावरून फिरवते तसा. ते पाहिलं की मला भरून यायचं, पण मी बोलायची नाही.

आणि जे बोलायला पाहिजे होतं तेही बोलले नाही. पिवळं निघालं की पोरीला घरी आणायचं, ही बोली मी तिला सांगितलीच नाही. कशी सांगणार? तिला हे कळलं असतं तर ती मोबाईल घेऊन साखरखेर्ड्याहून पार बीबी गावापर्यंत पायी जाऊन आली असती. पावसाळाभराची अंडी दोन दिवसांत फोडली असती तिनं. म्हणून मी तिला एवढंच शिकवलं : अंडं फुटलं की पाहायचं, पिल्लू सोडून द्यायचं, दुसरं अंडं घ्यायचं, खेळातला पिल्लांचा डबा भरू द्यायचा नाही. बटणं कुठली दाबायची ते दाखवलं. ती दोन दिवसांत माझ्यापेक्षा पटाईत झाली.

सप्टेंबरमध्ये एका दुपारी आम्ही बांधावर भाकरी खायला बसलो. ठेचा पुढे सरकवत जाऊबाई सहज म्हणाली, "आज एक भेसळीचं निघालं होतं."

"कोन्त्या ओळीत?"

"ओळीत नाही वं. अंड्यातून. सगळे निळे आन् हे एकटंच पिवळं, हरभऱ्याच्या डाळीसारखं. म्या म्हटलं, बाप रे, हे राह्यलं त समदं खराब करन. टाकलं उपटून."

माझा घास तोंडातच राहिला. "उपटून म्हंजे?"

"सोडून देलं. तुवा शिकवलं तसं. मोबाईलनं दोनदा विचारलं, खरंच सोडू का म्हनून. म्या म्हटलं सोड बाबा, विचारतं कायले."

मी तिच्या गाठीतून मोबाईल हिसकावला. डब्यात पोरीनं आधी जमवलेले निळे, निळे, निळे. पिवळ्याचा पत्ता नाही. मग मात्र माझा तोल गेला. मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. अक्कल काढली, डोळे काढले. बायका पाण्याचं निमित्त करून उठून गेल्या. जाऊबाई आपली हातात भाकरी धरून पाहत बसलेली. शेवटी रागाच्या भरात सगळंच बाहेर पडलं : पोरीचं रडणं, माझी शप्पथ, पिवळं निघालं की घरी.

तिनं हातातली भाकरी फडक्यावर ठेवली. मग म्हणाली, "म्हंजे त्याले ठेवलं असतं त माही पोरगी घरी आली असती?"

"हाव."

"आन् म्या माह्या हातानं..." तिनं हाताकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं आणि आवाज चढवला. "आन् तू मले सांगतलं काऊन नाही? मी परकी हाय का?"

मी मान खाली घातली. चूक तिची नव्हतीच. वेगळं दिसलं की उपट, हे वीस वर्षं तिच्या अंगात मुरलेलं, आणि पिवळं हवं आहे हे सांगायचं काम माझं.

त्या रविवारी फोन आला. "निघालं का पिवळं?"

"निळंच निघालं," मी म्हटलं.

"बरं. ठेवते, पोरी वाट पाहून राह्यल्या," ती म्हणाली आणि ठेवलाही. मी माझ्या खोट्यातच इतकी अडकले होते की तिनं फोन लवकर ठेवला हे मला जाणवलंही नाही. खरं तर मला आनंद व्हायला पाहिजे होता. पिवळं येऊन गेलं, पोरीला माहीत नाही, बोली आपोआप टळली. पण जेवण गोड लागेना. पोरीची शप्पथ घेऊन पोरीलाच फसवलं, असं सारखं टोचत राहिलं. जाऊबाईनं चौथ्या दिवशी तोंड उघडलं ते एवढ्यासाठीच : "पुढच्या रविवारी भेटीचा दिवस हाय. मी येते. मी सांगते तिले."

शेंगदाण्याचे लाडू, चकल्या आणि मोबाईल घेऊन आम्ही दोघी एसटीत बसलो. वाटभर जाऊबाई पुटपुटत होती. मला वाटलं देवाचं काही म्हणते आहे. नीट ऐकलं तर ती पोरीची माफी कशी मागायची ते पाठ करत होती. "पोरी, माह्याकडून एक चूक झाली." मग पुन्हा पहिल्यापासून.

शाळेच्या आवारात कडुलिंबाखालच्या ओट्यावर बसलो. पोरगी धावत आली, गुडघ्याला पट्टी, कपाळाला माती. खो-खो खेळताना पडली म्हणे. मोठीआईच्या गळ्यात पडली, लाडू तोंडात कोंबला, आणि तेवढ्यात जाऊबाईनं सुरू केलं. पाठ केलेलं सगळं विसरली. "पोरी, तुह्यं पिवळं निघालं होतं वं. मले वाटलं भेसळीचं हाय. म्या उपटून टाकलं!" आणि रडायला लागली.

पोरगी लाडू चावायची थांबली. तिनं एकदा मोठीआईकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग जी हसली! हसता हसता ओट्यावरून खाली घसरली. "भेसळीचं! मोठीआई, भेसळीचं!" तिनं मैदानावरच्या पोरींना हाका मारल्या. "इकडं या वं! माह्या मोठीआईनं पिवळं उपटून टाकलं!" आठ-दहा पोरी धावत आल्या. त्या सगळ्यांना अंड्यांची, शेळीची, सनईची, साऱ्या गोष्टींची खडानखडा माहिती. मी रविवारी फोनवर पाच मिनिटांत सांगायची ते पोरगी सगळ्या वसतिगृहाला आठवडाभर पुरवून सांगायची. जाऊबाईला त्यांनी तीनदा सांगायला लावलं. तिसऱ्यांदा तर ती डोळे पुसून, उभी राहून, उपटायचे हातवारे करून सांगत होती.

पोरी खेळायला गेल्या तेव्हा मी घसा साफ केला.

"ऐक. मी त्या रविवारी खोटं बोलले. पिवळं निघालं होतं. बोली म्हंजे बोली. जा, बॅग भर. मॅडमशी मी बोलते."

पोरीचं हसू गेलं. जाऊबाई पदर सावरून पुढे सरकली. पोरीनं मैदानाकडे पाहिलं. तिकडून कुणीतरी तिला हात करत होतं, तिची पाळी आली होती. मग तिनं माझ्या हातातून मोबाईल घेतला, डबा उघडला आणि बोटानं सरकवत सगळे निळे पाहिले, अगदी शेवटापर्यंत.

"याच्यात कुठं हाय पिवळं?"

"सोडून देलं ना मोठीआईनं."

"मंग नाही निघालं." ती वकिलासारखी म्हणाली. "डब्यात असलं तरच धरायचं. तसा नियम हाय."

"असा नियम तू कवा सांगतला होता?"

"असतेच तो." ती उठली, फ्रॉकची माती झटकली. "तुम्ही चालत राहा. पन घाई नोका करू."

आणि पळाली. मैदानावर जाऊन पोरींच्या रांगेत बसली, पाठमोरी, एकदम उठून पळायच्या तयारीत. मी पाहत राहिले. तीन महिने मी हेच मागत होते, आणि मिळालं तर रडायला येत होतं. हसायलाही येत होतं. जाऊबाई काय बोलते म्हणून मी तिच्याकडे वळून पाहायलाच धजत नव्हते.

ती लाडवाचा डबा बंद करत होती. "रुळली," एवढंच म्हणाली.

परतीच्या एसटीत ती झोपली. साखरखेर्ड्याला उतरलो तेव्हा दिवस कलला होता. तिनं हात पुढे केला, मी मोबाईल दिला. आम्ही निघताना पोरीनं पाळणाघरातून एक नवीन अंडं काढून दिलं होतं. जाऊबाईनं ते पदराच्या गाठीत नीट बांधलं आणि चालायला लागली. पण अशी हळू, पावलापुढे पाऊल, की मागून येणाऱ्या शेळ्याही आमच्या पुढे गेल्या.

"बाई, पाय उचला जरा," मी म्हटलं. "धारेची वेळ झाली. म्हैस वाट पाहत असन."

"पाहू दे," ती म्हणाली आणि गाठीवरून हात फिरवला. "पोरगी काय म्हनली? घाई नोका करू म्हनली."

मग मीही पाऊल बारीक केलं.